परदेशात ‘जीव घाबरा होतोय’ कसं सांगायचं?

जून ते सप्टेंबर हा आमच्या दुकानात बॅगा भरण्याचा हंगाम असतो. पनवेलजवळच्या करंजाडेत औषधांचं दुकान चालवायला लागल्यापासून मी दरवर्षी हे पाहते. संध्याकाळी साडेसात-आठला कुणाची तरी आई काउंटरवर येते, किराणाच्या पावतीमागे लिहिलेली यादी पुढे सरकवते आणि म्हणते, “ताई, मुलगा शुक्रवारी जर्मनीला चाललाय. सहा महिन्यांचं सगळं देऊन टाका.” यादीत डोलो, अ‍ॅव्होमिन, ओआरएसची पाकिटं, दुखण्यावरचा स्प्रे, आणि सगळ्यात खाली, थोडं लहान अक्षरात, ‘अँटिबायोटिक २ कोर्स’.

वरचं मी देते, शेवटचं देत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही, हा कायदा झाला. पण मला त्या आईशी बोलायचं असतं ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. तिला वाटतं, तिकडे औषधं महाग असतील, मिळणार नाहीत. औषधं मिळतात. मुलगा अडतो तो औषधापाशी पोचण्याच्या वाटेवर, कारण ती वाट आपल्यासारखी नसते आणि ती त्याला निघण्यापूर्वी कुणी दाखवलेली नसते.

आपली वाट कशी असते ते बघा. करंजाडेत ताप आला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायचं. डॉक्टर ओळखीचे, केसपेपर नसला तरी चालतं, दोन दिवसांच्या गोळ्या मिळतात. गुडघा दुखला तर बोर्ड वाचून थेट हाडांच्या डॉक्टरांकडे. कामोठ्याच्या एमजीएमला किंवा पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात कधी जायचं, हे शेजारी सांगतात. रक्त तपासायचं तर लॅबवाला सकाळी घरी येतो. पैसे खिशातून जातात ही मोठी अडचण आहे, पण कुठलंही दार आपण थेट ठोठावू शकतो. नवी मुंबई विमानतळासाठी चिंचपाडा, कोपर, कोल्ही अशी दहा गावं उठली. त्यातली काही कुटुंबं इथे वडघर-करंजाडेच्या प्लॉटवर आली, तेव्हा पाच-सहा किलोमीटरवर येऊनही म्हातारी माणसं पहिली काही वर्षं जुन्याच डॉक्टरांकडे रिक्षाने जात होती. डॉक्टर बदलणं म्हणजे आपलं शरीर नव्या माणसाला पहिल्यापासून सांगणं. पाच किलोमीटरवर जे इतकं जड जातं, ते सात हजार किलोमीटरवर किती जड जात असेल!

युरोपातल्या बहुतेक देशांत दारांना क्रम असतो. ब्रिटनचं उदाहरण घेते, कारण माझा भाचा तिथे शिकायला होता. ५ जुलै १९४८ ला सुरू झालेली त्यांची राष्ट्रीय आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, करांतून चालते. परदेशी विद्यार्थ्याला व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आणि नोकरदारांना १,०३५ पौंड आहे. म्हणजे उपचारांचे बरेचसे पैसे विमानात बसण्याआधीच भरून झालेले असतात. तरी मुलं आजारी पडेपर्यंत जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरांकडे, नाव नोंदवत नाहीत. नोंदणी फुकट आहे. पत्त्याचा पुरावा नसला तरी केवळ त्या कारणासाठी नाकारू नये, असं एनएचएसचंच सांगणं आहे. तज्ज्ञ डॉक्टर, स्कॅन, ऑपरेशन, या सगळ्यांचा रस्ता साधारणपणे जीपीच्या टेबलावरून जातो.

भाच्याने नोंदणी केली नव्हती. तिसऱ्या महिन्यात घसा सुजला, ताप १०२. तो सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात गेला. तिथे आधी आलेल्याला आधी घेत नाहीत, जास्त धोक्यात असलेल्याला आधी घेतात. छातीत दुखणारा माणूस मागून येऊन पुढे जातो, आणि जायलाच हवा. भाचा सहा तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि शेवटी पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, असं ऐकून परतला. मला फोन करून म्हणाला, “मावशी, इथे कुणाला काही पडलेलीच नाही.” त्याचा राग मला समजला. पण त्याचा आजार त्या दाराचा नव्हता. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये ‘फार्मसी फर्स्ट’ नावाची सोय आहे. घसादुखी, सायनस, किडा चावून झालेला संसर्ग, नागीण अशा सात ठरावीक तक्रारींसाठी औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टच तपासतो आणि गरज असेल तर अँटिबायोटिकही देतो. माझ्यासारख्या दुकानदार बाईला ही गोष्ट फार आवडली, हे लपवत नाही. आणि कुठे जायचं हेच कळत नसेल तर १११ क्रमांक आहे. जिवावर बेतलं असेल तर ९९९. एवढे दोन आकडे त्याच्या फोनमध्ये असते तर ते सहा तास वाचले असते.

जर्मनीत व्यवस्था निराळी. तिथला सक्तीचा आरोग्य विमा बिस्मार्कच्या काळातला, १८८३ चा. पगाराचा ठरावीक हिस्सा विमा संस्थेकडे जातो, साधारण निम्मा कामगाराचा आणि निम्मा मालकाचा. संस्थेला ‘क्रांकेनकासे’ म्हणतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्या भागात जर्मन भाषेच्या क्लासला जाणारी मुलं-मुली दिसू लागली, त्यांत नर्सिंग केलेल्याही आहेत. त्यांना मी एकच सांगते: विम्याचं प्लास्टिक कार्ड हातात आलं की त्याच आठवड्यात ‘हाउसआर्ट्झ्ट’, म्हणजे घराजवळचा डॉक्टर, शोधून ठेव. नवीन रुग्ण घेता का, एवढंच विचारायचं. पुष्कळ ठिकाणी ‘नाही’ ऐकू येतं, आणि ते ‘नाही’ ताप नसताना ऐकलेलं बरं.

रविवारी तिथली औषधाची दुकानं बंद असतात, पाळीने एखादंच उघडं. साधं पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, फार्मसीतच घ्यावं लागतं. रात्री-सुट्टीत डॉक्टर हवा असेल पण अँब्युलन्स लागेल इतकं गंभीर नसेल तर ११६११७, आणि खरी आणीबाणी असेल तर ११२. हा ११२ आपल्याकडेही आहे आणि साऱ्या युरोपीय संघात चालतो, म्हणून लक्षात राहायला सोपा. नोकरदारांसाठी आणखी एक: आजारपण तीन दिवसांपेक्षा लांबलं तर कायद्याने डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि मालक तो आधीही मागू शकतो. फोनवर ‘सर, बरं नाही’ म्हणून आठवडाभर घरी राहिलात तर पगाराचा प्रश्न येतो.

आणि हो, तिथला डॉक्टर सर्दी-तापाला पुष्कळदा औषधच देत नाही. गरम चहा, विश्रांती, चार दिवसांनी या. आपल्या माणसाला वाटतं, आपल्याकडे दुर्लक्ष झालं. डॉक्टरने काही लिहून दिलं म्हणजे त्याने आपल्याला पाहिलं, ही आपली सवय आहे. विषाणूने आलेल्या तापाला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, हे मी इथे रोज सांगते आणि रोज कुणीतरी तोंड वाकडं करतं.

अमेरिकेत प्रश्न दाराचा कमी आणि बिलाचा जास्त. तिथल्या विम्याची भाषा समजली नाही तर सुशिक्षित माणूसही गोंधळतो, म्हणून आकडे घेऊनच सांगते. समजा, तुमचा डिडक्टिबल १,५०० डॉलर आहे. म्हणजे वर्षातले पहिले १,५०० तुम्ही भरायचे, त्यानंतर कंपनी. त्यानंतरच्या खर्चात तुमचा वाटा २० टक्के आहे. बिल आलं ३,००० चं. तर पहिले १,५०० तुमचे, उरलेल्या १,५०० चे २० टक्के म्हणजे ३०० तुमचे. एकूण १,८०० डॉलर तुमच्या खिशातून गेले, विमा असूनही. हे गणित डॉक्टर विम्याच्या ‘नेटवर्क’मधला असेल तरच. बाहेरचा निघाला तर आकडे बदलतात, म्हणून फोन करून आधी विचारायचं. वर्षाला तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल याची एक वरची मर्यादाही पॉलिसीत लिहिलेली असते. पॉलिसी घेताना तो आकडा आधी शोधा. उपचारानंतर विमा कंपनीकडून जो कागद येतो, त्यावर बहुतेकदा ‘हे बिल नाही’ असं छापलेलं असतं. ते न वाचता लोक घाबरतात, काहीजण तर लगेच पैसेही भरतात. तो फक्त हिशेब असतो. हॉस्पिटलचं बिल आलं की या हिशेबाशी ताडून पाहायचं.

एक गोष्ट मात्र त्या देशाने चांगली केली आहे. १९८६ च्या कायद्यानुसार, सरकारी मेडिकेअर योजनेत असलेल्या हॉस्पिटलच्या आणीबाणी विभागाला, आणि जवळजवळ सगळी हॉस्पिटलं त्या योजनेत आहेत, आलेल्या प्रत्येकाला तपासावंच लागतं आणि जिवाचा धोका असेल तर स्थिर करावं लागतं, विमा असो वा नसो. बिल नंतर येतंच, पण छातीत कळ आली असताना पैशांच्या भीतीने कुणी घरी बसू नये.

आता औषधांच्या नावांकडे येते, कारण हे माझं रोजचं काम. डोलो, क्रोसिन ही कंपनीची नावं. तिकडे ती कुणाला ठाऊक नसतात. आतलं औषध पॅरासिटामॉल, आणि अमेरिकेत त्यालाच ‘असेटामिनोफेन’ म्हणतात. आपलं सालब्युटामॉल तिथे ‘अल्ब्युटेरॉल’ होतं. दम्याचा पंप संपलेला माणूस या एका शब्दापायी अडखळू शकतो. त्याहून अवघड म्हणजे आपल्या जोडगोळ्या. मधुमेहाची ‘ग्लायकोमेट जीपी’ घेणारे शेकडो लोक माझ्याकडे येतात. तिच्यात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी दोन औषधं असतात. अशी तयार जोडी तिकडे सर्रास मिळत नाही, डॉक्टर दोन वेगळ्या गोळ्या लिहितात. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर एक पत्र घ्यावं: आजार काय, औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कशाची अ‍ॅलर्जी, कोणती ऑपरेशनं. इंग्रजीत आणि टाइप करून. आमच्या डॉक्टरांचं अक्षर मला लागतं, म्युनिकच्या फार्मासिस्टला लागणार नाही.

साखरेचे आकडेसुद्धा सोबत समजून घ्या. आपल्याकडे आणि अमेरिकेत साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये. आपल्या आकड्याला १८ ने भागायचं. १८० म्हणजे तिथे १०. एका काकांना लंडनच्या यंत्राने ‘९.५’ दाखवलं, आणि साखर फार उतरली म्हणून त्यांनी दोन पेढे खाल्ले. खरं तर ती १७० च्या आसपास होती.

आखाती देशांची वाट आमच्याकडे सगळ्यात जुनी. तिथे नोकरीला जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी इथेच, ठरवून दिलेल्या केंद्रांतून होते. दुबईत २०१३ च्या कायद्याने कर्मचाऱ्याचा विमा काढणं मालकाची जबाबदारी आहे, त्यामुळे कार्ड मागून घ्यायला लाजायचं कारण नाही. मला जास्त काळजी असते ती बॅगेची. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या काही गोळ्या, ही औषधं अमिरातीत नियंत्रित आहेत. चिठ्ठी आणि आधी घेतलेली सरकारी ऑनलाइन परवानगी नसेल तर विमानतळावर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. गोळ्या डबीत ओतून नेऊ नका, मूळ पट्टीत न्या. आणि दिवाळीच्या फराळाचा डबा भरताना अनारसे बाजूला ठेवा. त्यांच्या अंगाला खसखस असते, आणि खसखस अमिरातीत व सौदीत बंदी असलेला पदार्थ आहे. ज्या आईने अनारशाचं पीठ चार दिवस मुरवलं, तिला हे सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगते.

अमेरिकेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक घाबरवणारा प्रसंग हमखास येतो. कॉलेज टीबीची तपासणी करायला सांगतं. हातावर छोटी सुई टोचतात, दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजतात. आपल्या मुलाचा हात फुगतो, आणि रात्री अडीचला आईला फोन येतो की मला टीबी झालाय. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर बीसीजीच्या लसीची गोल खूण आहे. जन्मल्यावर दिलेल्या त्या लसीमुळेही ही चाचणी फुगू शकते. अशा वेळी ‘इग्रा’ नावाची रक्ताची तपासणी मागावी, ती बीसीजीने फसत नाही. मग तीही पॉझिटिव्ह आली तर मात्र डॉक्टर सांगतील ते ऐकायचं, टाळायचं नाही. लसींची जुनी कार्डं घरात कुठे आहेत ते आधीच शोधा. गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या डोसांचा पुरावा बरीच कॉलेजं मागतात, आणि तो न मिळाल्यास पुन्हा टोचून घ्यावं लागतं.

हे सगळं कागदावर मांडता येतं. कागदावर येत नाही ती आपली दुखण्याची भाषा, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

मराठीत दुखणं किती तऱ्हांनी सांगतो आपण! दातात ठणका लागतो, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते, पायाला गोळे येतात, अंगात कणकण असते, डोळ्यांची आग होते, डोकं जड होतं. ‘पित्त झालंय’ म्हटलं की इथल्या डॉक्टरांना जळजळ, मळमळ, डोकेदुखी, आंबट ढेकर असं सगळं एकदम कळतं. शब्दकोशातून पित्ताचं इंग्रजी करून सांगितलं तर तिकडचा डॉक्टर पित्ताशयाची सोनोग्राफी करायला पाठवेल. ‘उष्णता वाढली’ याचं तर भाषांतरच होत नाही, त्याला ताप वाटतो.

आमच्या सोसायटीतल्या एक काकू मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांना जिना चढताना त्रास होऊ लागला. त्या म्हणाल्या, “जीव घाबरा होतोय गं.” मुलीने डॉक्टरांना सांगितलं, आईला ‘अँग्झायटी’ होतेय. डॉक्टरांनी विचारलं, घरची आठवण येते का, झोप लागते का. तिघंही खरं बोलत होते. पण काकूंच्या त्या शब्दांत छातीची धडधड होती, दम लागत होता, घाम फुटत होता, आणि त्यातलं काहीच पलीकडे पोचलं नाही. दहा दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी ईसीजी काढला तेव्हा हृदयाचे ठोके अनियमित असल्याचं निघालं. काकू आता बऱ्या आहेत, गोळ्या माझ्याकडूनच नेतात. पण त्या दहा दिवसांत काहीही होऊ शकलं असतं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, दुखण्याचं नाव सांगू नका, दुखणं उलगडून सांगा. नेमकं कुठे, हात ठेवून दाखवा. कधीपासून. सतत की मधूनमधून. काय केलं की वाढतं, काय केलं की कमी होतं. सोबत घाम, उलटी, दम, ताप आहे का. शून्य ते दहामध्ये किती, हा प्रश्न तिकडे हमखास येतो. आपल्या बायका दहापैकी आठ दुखत असताना ‘तीन’ सांगतात, त्यांना सहन करणं म्हणजे शहाणपण वाटतं. तिथे तीन सांगितलंत तर तिनाचेच उपचार होतील. आणि दुभाषा मागा. एनएचएसमध्ये तो विनाखर्च मिळतो, अमेरिकेतही सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलांना तो विनामूल्य द्यावा लागतो, फोनवरून का होईना. मुलीने किंवा सुनेने भाषांतर केलं की आई निम्मं गिळते, विशेषतः पोटाखालचं दुखणं असेल तर.

अशा भेटीला जाणाऱ्या आई-वडिलांचा विमा हा वेगळाच विषय. इथली पॉलिसी बहुतेक वेळा देशाबाहेर चालत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा सक्तीचा आहे. ब्रिटनला थोड्या दिवसांच्या व्हिसावर गेलेल्यांना जीपी आणि अपघात विभागातली तपासणी फुकट, पण भरती झालात तर एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं. पॉलिसीत ‘आधीपासूनचे आजार’ या शब्दांभोवती काय लिहिलंय ते भिंग घेऊन वाचा. साठीच्या माणसाला बीपी-शुगर असतंच, आणि नेमकं तेच वगळलेलं असतं. आणि सामान भरताना इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी कामाचं राहत नाही.

त्या दिवशीची जर्मनीवाली आई माझं सगळं बोलणं ऐकत उभी होती. मुलाला फोन करून तिने खाली बोलावलं. तो आला, थोडा वैतागलेला, कानात इअरफोन. त्याला लहानपणी पेनिसिलिनने अंगावर गांधी उठल्या होत्या, हे आईला माहीत होतं, त्याला नव्हतं. एकवीस वर्षांचा मुलगा, आणि स्वतःच्या अंगाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याला काउंटरवर उभं राहून कळली. मी एका कोऱ्या कार्डावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत पेनिसिलिन अ‍ॅलर्जी लिहिलं, खाली रक्तगट, ११२, ११६११७, आईचा नंबर. त्याने फोटो काढला आणि कार्ड पाकिटात ठेवलं. डॉक्टरांचं पत्र उद्याच आणतो म्हणाला.

तो वर गेल्यावर आई जरा रेंगाळली. पट्ट्या पिशवीत भरता भरता म्हणाली, “ताई, आता घरात मी एकटीच. मला रात्री काही झालं तर शेजारच्यांना माझ्या गोळ्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत. मलाही असंच एक लिहून द्याल?”

मी दुसरं कार्ड घेतलं. टेलमिसार्टन ४० पासून सुरुवात केली. ते आता त्यांच्या फ्रिजच्या दारावर लावलेलं आहे, त्यावर मुलाचा जर्मनीतला नंबरही आहे.